दोन दिवस नहरींच्या गावी

“चला, दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊ या,” असं म्हणणारं घरात कुणीतरी एक असतं नि त्या दोन दिवसांची तयारी करणारी दुसरीच असते. ही दुसरी कोण, हे मैत्रिणींनो, तुम्हांला वेगळं सांगायला नको. दशम्या, मुलांचे स्वेटर, सासूबाईंच्या गोळ्या, दूधवाल्याला निरोप, सगळं तिच्याच डोक्यात. बाकीची मंडळी सहलीहून ताजीतवानी होऊन येतात नि आपण मात्र मळक्या कपड्यांच्या ढिगापुढे उभ्या असतो. काय पाहिलं म्हणून कुणी विचारलं, तर धड आठवतही नाही.

ह्यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. जाऊ तिथलं सगळं बघायचा हव्यास सोडावा नि एकच धागा धरावा. आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या पट्ट्यातून दोन दिवसांत सुखानं होण्यासारखी अशी एक सहल आज सुचवते. धागा आहे पाण्याचा नि गाव आहे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद.

“तिथं काय, वेरूळ-अजिंठा ना?” असंच तुम्ही म्हणाल. बहुतेकजण त्या गावात फक्त मुक्कामाला उतरतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांची तिथं सोयरीक आहे. बजाजचा कारखाना आकुर्डीला तसाच वाळूजलाही, त्यामुळं बदल्यांच्या निमित्तानं इकडची कुटुंबं तिकडे नि तिकडची इकडे आलेली. पण खुद्द त्या गावातल्या नहरी पाहिल्या आहेत का, म्हणून विचारलं तर दहांत एखादीच हो म्हणते.

जमिनीखालचे कालवे

कालव्यांचं शहर म्हटलं, की व्हेनिस नाहीतर ॲमस्टरडॅम डोळ्यांपुढे येतं. घरासमोर पाणी, पाण्यात होड्या. आपल्या ह्या गावातले कालवे मात्र जमिनीखालून जातात. त्यांनाच नहर म्हणायचं.

१६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर ह्यानं खडकी नावाच्या लहानशा गावी शहर वसवायला घेतलं. हा माणूस मूळचा इथिओपियातला, हबशी. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात जात दख्खनमध्ये आला नि स्वतःच्या कर्तबगारीवर वजिरीला पोहोचला. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे निजामशाहीतच होते, शहाजीराजांनीही सुरुवातीला तिथंच चाकरी केली. तेव्हा हा इतिहास आपल्या घरातलाच म्हणायचा.

खडकी नावातच खडक आहे. जवळची खाम नदी लहान. एवढ्या वस्तीला पाणी पुरायचं कसं? मलिक अंबरनं शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला, जमिनीत मुरलेलं पाणी विहिरी नि भुयारं खणून गोळा केलं आणि निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणलं. हीच ‘नहर-ए-अंबरी’. पुढं तिच्या जोडीला आणखी नहरी झाल्या. काही ठिकाणी चुनेगच्ची बांधकामातून, तर काही ठिकाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून पाणी येई. त्या नळांना खापरी नळ म्हणतात. ना पंप, ना वीज.

मलिक अंबरला हे सुचलं कुठून, तर त्याच्या डोळ्यांसमोर अहमदनगर होतं. निजामशहांनी तिथं आधीच खापरी नळांनी पाणी खेळवलं होतं. पाण्याचं बळ तो पुरतं ओळखून होता. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत त्यानं तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या वाटेचा चिखल करून टाकला नि आपल्यापेक्षा मोठ्या फौजेला हरवलं.

आता ही नहर चालते कशी? आपल्या नळावरूनच समजून घेऊ. पाणी यायच्या वेळी नळ आधी फुरफुरतो, थुंकल्यासारखं करतो, मग धार लागते. ती फुरफुर म्हणजे नळात अडकलेली हवा. लांबच्या नळात अशी हवा साठली, तर पाणी अडतं, दाब वाढला तर नळ फुटतो. म्हणून नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी उभे मनोरे बांधत. पाणी मनोऱ्यात वर चढे, हवा निघून जाई, दाब हलका होई नि पाणी पुढच्या टप्प्याला उतरे. आपल्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणलं, त्या नळाच्या वाटेवरही अशीच हवेची सोय होती. तिथं तिला उच्छ्वास म्हणत. किती नेमका शब्द!

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याचा मुलगा फत्तेखान ह्यानं गावाला फत्तेनगर म्हटलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला नि ते औरंगाबाद झालं. २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली, पाणी मात्र शतकानुशतकं त्याच वाटेनं येत राहिलं.

आधी सुट्टीचं त्रांगडं

आपल्या पट्ट्यात शनिवार-रविवार हे काही साऱ्यांच्या नशिबी नाही. एम.आय.डी.सी.तल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, मुलांची शाळा रविवारी बंद. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, माझीही सुट्टी मुलांबरोबरची. त्यामुळं ‘ह्यांचा’ गुरुवार नि आमचा रविवार ह्यांची गाठ वर्षात मोजक्या वेळी पडते.

तेव्हा महिनाभर आधी दिनदर्शिका घेऊन बसावं. शनिवारी किंवा सोमवारी सार्वजनिक सुट्टी येते तो आठवडा हेरावा नि कारखान्यात एका दिवसाची रजा आधीच टाकायला सांगावी. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत गुरुवार-शुक्रवार जमत असेल, तर फारच छान, गर्दी कमी. मात्र वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात नि पाणचक्कीच्या आवारात मशीद असल्यामुळं शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळावी, एवढं ध्यानात असू द्या.

महिने कोणते? पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे. मार्चनंतर मराठवाड्याचं ऊन मुलांना नि वडीलधाऱ्यांना सोसत नाही आणि नहरीच बघायच्या तर पाणी असताना जावं.

घर बंद करताना

आपल्या महापालिकेनं २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून घराघरांत दिवसांच्या दोन जाती झाल्या, पाण्याचा नि बिनपाण्याचा. चाकणकडच्या मैत्रिणींना तर टँकरची वाट बघायची सवयच आहे. म्हणून निघायचा दिवस ठरवताना पाण्याचा दिवसही बघावा.

● परत यायची रात्र बिनपाण्याची येत असेल, तर एक पिंप भरून झाकून ठेवावं. आल्या आल्या हातपाय धुवायला नि सकाळच्या चहाला पाणी हवंच.

● निघताना प्रत्येक नळ हातानं फिरवून बघावा. पाणी नसताना नळ उघडा राहिला, तर कळत नाही. आमच्या इमारतीत एका बिऱ्हाडी असंच झालं. मंडळी गावाला नि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून अभिषेक! आत येणाऱ्या नळाची मुख्य चावी बंद केली, की चिंताच नको.

● कुंड्यांसाठी पाण्याची बादली उंचावर ठेवून तिच्यातून सुती कापडाच्या वाती कुंड्यांच्या मातीत सोडाव्या. दोन दिवस झाडं हिरवी राहतात. ही आपली घरगुती नहरच!

● पीठ मळायची परात, पोळपाट, कुकर ह्यांना हात न लावता परतीच्या रात्री जेवण होईल असं बघावं. मेतकूट-भात नाहीतर मुगाची खिचडी. डाळ-तांदूळ आधीच मोजून डब्यात काढून ठेवावे.

● कामं वाटून कागदावर लिहावी नि कागद फ्रिजला चिकटवावा. पाण्याच्या बाटल्या मुलांकडे, औषधं ज्याची त्यानं घ्यायची, गाडीची कागदपत्रं नि पैसे ‘ह्यां’च्याकडे. आपल्याकडे फक्त खाऊची पिशवी. सांगून तर बघा, ऐकतात!

वाट

चिंचवडहून हे अंतर साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, थांबत थांबत सहा तास धरावेत. पुण्यात शिरायचं कारण नाही. मोशी, चाकण, शिक्रापूर असं जाऊन नगररस्त्याला लागता येतं. पण ह्या वाटेवर मालमोटारींच्या रांगा कशा लागतात हे आपल्याला ठाऊकच आहे, म्हणून उजाडायच्या आत शिक्रापूर गाठावं. पुढं रांजणगावचा गणपती वाटेवरच आहे. दर्शन नि दशम्या तिथंच उरकाव्या. मग शिरूर, अहिल्यानगर, नेवासाफाटा आणि प्रवरासंगम. इथं प्रवरा गोदावरीला मिळते. पुलापाशी दहा मिनिटं पाय मोकळे करून मुलांना संगम दाखवावा. त्यानंतर वाळूज नि गाव.

स्वतःची गाडी नसेल, तर एस.टी. उत्तम. पुण्याहून दिवसभर गाड्या असतात. आपल्या वल्लभनगरच्या आगारातही चौकशी करून ठेवावी. रेल्वे दौंड-मनमाडचा वळसा घेऊन जाते, दोन दिवसांच्या सहलीला ती परवडत नाही.

पहिला दिवस: पाणचक्की नि मकबरा

दुपारी जेवून तासभर सगळ्यांनी, म्हणजे आपणही, पाठ टेकावी. चारच्या सुमाराला पाणचक्कीला जावं.

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ बाबा शाह मुसाफिर ह्या सूफी संतांचा दर्गा आहे. त्याच्याच आवारात ही चक्की. उत्तरेच्या डोंगराकडून काही किलोमीटर जमिनीखालून आलेलं पाणी इथं एका उंच भिंतीत वर चढतं नि धबधब्यासारखं हौदात पडतं. त्या पडत्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं नि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. ज्यांच्या आजीनं पहाटे उठून जात्यावर पायलीचं दळण केलेलं आहे, त्यांनी इथं क्षणभर उभं राहावं. जे काम बायांच्या खांद्यांनी घराघरांत होत होतं, ते इथं नुसत्या पाण्यानं होत होतं.

समोरच्या मोठ्या हौदाची गंमत मुलांना जरूर दाखवा. ह्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. खाली उतरलं, की डोक्यावर पाणी नि आत गारवा. दर्गा आहे हे लक्षात ठेवून डोक्यावरून पदर किंवा ओढणी घ्यावी, आवाज बेतानं ठेवावा.

तिथून बीबी का मकबरा अगदी जवळ. औरंगजेबाची बेगम दिलरासबानू हिची ही कबर. पाचव्या बाळंतपणानंतर महिनाभरातच, १६५७ मध्ये ती गेली. तिचा मुलगा आझमशहा तेव्हा चार वर्षांचा होता. आईची ही कबर त्याच्याच नावानं सांगतात. ताजमहालाशी तुलना करून लोक नाकं मुरडतात. खालचा भाग संगमरवरी नि वर चुन्याचा गिलावा, हे खरंच आहे. पण जवळ जाऊन तो गिलावा बघा. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरानं चुन्यातून अशी वेलबुट्टी काढली आहे, की भरतकाम करणारीचे हात शिवशिवावेत. खर्चाचा आकडाही जुन्या तवारिखेत आहे: सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. बादशाही कामातले सात आणेही कुणीतरी लिहून ठेवले! बागेतल्या पाण्याच्या पाटांमुळं आपला धागा इथंही सुटत नाही.

वाटेत दिल्ली दरवाजा, भडकल दरवाजा बघता येतात. भडकल दरवाजा मलिक अंबरच्याच वेळचा. संध्याकाळी गुलमंडीच्या बाजारात फिरावं. हिमरू हे इथलं खास सुती-रेशमी विणकाम. एखादी शाल किंवा उशीचे अभ्रे घेतले, तर खिशाला झेपतं. पैठणी घेणार असाल, तर काठ-पदर उलटून बघावा. खऱ्या हातमागाच्या पैठणीचं काम मागूनही पुढल्यासारखंच स्वच्छ असतं, धागे लोंबत नाहीत. मांसाहारी मंडळींनी नान-खलिया चाखावा. शाकाहारींना थंडीच्या दिवसांत वाटेवर हुरडा मिळतो.

दुसरा दिवस: एकच निवडा

इथंच बहुतेक सहली बिघडतात. सकाळी किल्ला, दुपारी लेणी, संध्याकाळी मंदिर नि रात्रभर प्रवास. मुलं रडकुंडीला येतात नि मोठे एकमेकांवर खेकसतात. अजिंठा तर शंभर किलोमीटर पलीकडे, त्याचं नावही काढू नये. दोनांतलं एक निवडावं.

मुलं चढती-धावती असतील, तर देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला. गावापासून पंधराएक किलोमीटर. सकाळी उघडतानाच पोहोचावं, कारण वरपर्यंत सुमारे साडेसातशे पायऱ्या आहेत. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली नि काही वर्षांतच ती परत न्यावी लागली. पाण्याची टंचाई हे त्याचं एक कारण सांगतात. खाली हत्ती हौद नावाचा अवाढव्य हौद आहे. तो बघताना मनात येतं, की जिथं बादशहाची राजधानी टिकली नाही, तिथून जवळच तीनशे वर्षांनी मलिक अंबरनं शहर वसवलं नि ते तगलं. फरक नियोजनाचा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हौदाशेजारच्या भारतमाता मंदिराच्या प्रांगणात सावलीत बसावं. बाहेर हंगामात सीताफळं चांगली मिळतात.

बरोबर वडीलधारी माणसं असतील, तर वेरूळ, साधारण तीस किलोमीटर. आधी घृष्णेश्वराचं दर्शन. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा, बनियन काढावं लागतं, हे आधी सांगून ठेवलं म्हणजे ऐन वेळी फुरंगटणं नाही. आज दिसतं ते मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभं केलेलं. जवळचं शिवालय तीर्थ, पायऱ्यापायऱ्यांचं कुंड, बघायला विसरू नका. लेणी चौतीस आहेत, पण एकट्या कैलासाला दीड तास द्यावा नि बाकीची पुढच्या खेपेसाठी ठेवावी. किल्ला, मकबरा नि लेणी ही पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथं पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

काहीही निवडलं, तरी दुपारी एकच्या आत जेवून परतीला लागावं. अंधार दाटायच्या वेळी शिक्रापूर गाठलं, तर नऊपर्यंत खिचडीचा कुकर लागतो.

घरी आल्यावर

त्या गावाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. शहर फुगलं, नहरींकडे दुर्लक्ष झालं, त्यांच्या वाटांवर इमारती उभ्या राहिल्या. आता गाव जायकवाडी धरणावर अवलंबून आहे. तिथून पाणी पंपांनी चढवत आणावं लागतं. २०२२ च्या मे महिन्यात पाण्यासाठी तिथं मोठा मोर्चा निघाला, बायका हंडे घेऊन रस्त्यावर आल्या. ज्या गावानं पंपाशिवाय पाणी आणून दाखवलं त्याच गावात ही वेळ यावी, ह्याचं वाईट वाटतं. ह्यात दोष काही मलिक अंबरच्या बांधकामाचा नाही. नहर बांधून चालत नाही, ती दर वर्षी साफ करावी लागते. घरकामासारखंच आहे हे, केलेलं दिसत नाही, न केलेलं लगेच दिसतं.

आणि आपलं काय? मी वर्गात मुलांना विचारलं, “तुमच्या घरी पाणी कुठून येतं?” उत्तर आलं, “टाकीतून.” पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीनं रावेतला येतं, तिथून उचलून निगडीला शुद्ध होतं नि मग आपल्या टाकीत पडतं, हे पुष्कळ मोठ्यांनाही सांगता येत नाही. धरणापासून थेट बंद नळानं पाणी आणायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्या आंदोलनात गोळीबार होऊन तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. आपल्या बादलीतल्या पाण्याला असाही इतिहास आहे.

म्हणून सहलीहून आल्यावर, पुढच्या एखाद्या मोकळ्या सकाळी मुलांना घेऊन रावेतच्या बंधाऱ्यापाशी जाऊन या. डबासुद्धा लागत नाही, तासाभराचं काम. नदी दाखवा, तिची आजची अवस्थाही दाखवा. पाणचक्की बघून आलेलं मूल तिथं आपणहून प्रश्न विचारू लागतं नि दुसऱ्या दिवशी दात घासताना नळ बंद करतं. आमच्याकडे तरी करू लागलं आहे. मोठ्या माणसांचं अजून जमायचं आहे!